डिस्क कुणाच्या ताब्यात? सांगलीतल्या एका होम सर्व्हरचं प्रकरण

माझ्या चुलतभावाचं घर सांगलीत आहे, कृष्णेपासून फार लांब नाही. दादा नोकरीसाठी पुण्यात असतो, सुट्टीला गावी येतो. वहिनी घरूनच कर-सल्लागाराचं काम करतात. लहान व्यापाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रं, टॅलीचा डेटा, स्कॅन केलेली बिलं असा त्यांचा पसारा. त्यांचा महिना दोन तारखांभोवती फिरतो: ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी. काका-काकू तळमजल्यावर राहतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात खालच्या कपाटातल्या पोर्टेबल हार्ड डिस्क पाण्यात गेल्या आणि काकांनी वर्षानुवर्षं जमवलेले फोटो त्यांच्याबरोबर गेले. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी चढलं, तेव्हा सामान आधीच माळ्यावर गेलेलं होतं. डेटा जपणं हा या घरात काकूंनासुद्धा पटलेला विषय आहे.

पहिल्या मजल्यावर एक मशीन चोवीस तास चालू असतं. इंटेल आय५-८५००, बी३६० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). त्यावर प्रॉक्समॉक्स ८, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी मशीनं (व्हीएम) चालवणारी प्रणाली. प्रॉक्समॉक्सवर घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणाऱ्या होम असिस्टंटचं एक व्हीएम, फोटोंसाठी इमिचचं दुसरं व्हीएम, शिवाय चित्रपट-गाण्यांसाठी जेलीफिनचा एक कंटेनर (व्हीएमपेक्षा हलका कप्पा). फोटो आणि वहिनींच्या फाइली मात्र तोवर यूएसबी डिस्कवरच होत्या. दादाने ४ टीबीच्या चार नॅस डिस्क (घरच्या नेटवर्कवरच्या फाइल-साठ्यासाठीच्या) घेतल्या आणि मला फोन केला. "अरे, ट्रूनॅस व्हीएममध्ये टाकतोय. एकाच पेटीत सगळं बसेल. चालेल ना?"

ट्रूनॅस ही नेटवर्कवरून फाइली साठवण्या-देण्यासाठीची स्वतंत्र प्रणाली. स्टोरेज हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देत नाही. चालतं, हे खरंच आहे. कितीतरी घरांत ट्रूनॅस व्हीएममध्ये वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू आहे. पण डिस्कवर शेवटचा हक्क कुणाचा, वीज गेल्यावर आणि आल्यावर आधी काय उठणार, आणि दादा पुण्यात असताना काही अडलं तर घरातल्या माणसाने काय करायचं, या तीन गोष्टी ठरल्याशिवाय "चालेल" म्हणण्यात अर्थ नव्हता. खरा डेटा हलवण्याआधी आम्ही त्याच मशीनवर, त्याच डिस्कवर, खोट्या फाइली टाकून वेगवेगळ्या मांडण्या करून पाहिल्या. हे प्रकरण त्याच चाचणीचं.

वेगाचा मुद्दा आधी बाजूला

व्हीएममध्ये टाकलं की वेग कमी होतो, अशी भीती बहुतेकांना असते. या घरात ती निरर्थक होती. नेटवर्क एक गिगाबिटचं आहे, त्यातून सेकंदाला साधारण ११० एमबीपेक्षा जास्त जातच नाही. आजची एकच ४ टीबीची डिस्क सलग वाचताना त्याहून जास्त देते. कुठलीही मांडणी केली तरी मोठी फाइल कॉपी करताना तारच आधी भरली. अडीच किंवा दहा गिगाबिटचं नेटवर्क असतं तर हा भाग मी जास्त जपून तपासला असता.

झेडएफएसला काय हवं असतं

ट्रूनॅसच्या खाली झेडएफएस आहे, आणि या प्रश्नाची निम्मी गुंतागुंत तिथून येते. झेडएफएस ही सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेली फाइल सिस्टिम. ती प्रत्येक ब्लॉकची चेकसम (बिघाड पकडणारा तपासणीचा आकडा) ठेवते, जुन्यावर नवं लिहीत नाही, आणि दर काही सेकंदांनी (लिनक्सवर मूळ सेटिंग ५ सेकंदांचं) साठलेलं लिखाण एका व्यवहारात डिस्कवर उतरवते. मध्येच वीज गेली तर शेवटच्या काही सेकंदांचं न उतरलेलं लिखाण जाऊ शकतं, पण पूल (एकत्र बांधलेल्या डिस्कचा साठा) आधीच्या धड अवस्थेत सापडतो. ही हमी एका अटीवर उभी आहे: डिस्क "लिहिलं" म्हणाली तर ते खरोखर लिहिलेलं असलं पाहिजे. झेडएफएस आणि डिस्क यांच्या मध्ये जो कुणी बसेल त्याने या बाबतीत खोटं बोलता कामा नये.

जुन्या फ्रीनॅसच्या (ट्रूनॅसचं आधीचं नाव) काळात "व्हर्च्युअल करू नका" असा इशारा सरसकट दिला जायचा, तो यामुळेच. त्या काळी लोक हायपरवायझरच्या (व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीच्या) फाइल सिस्टिमवर एक मोठी आभासी डिस्क तयार करत, खाली रेड कार्डाची (अनेक डिस्क एकत्र करणाऱ्या) स्वतःची कॅश, आणि वर झेडएफएस. सगळं हिरवं दिसायचं आणि एका रात्रीत पूल उघडेनासा व्हायचा. आज पीसीआय पासथ्रू, म्हणजे एखादं उपकरण थेट व्हीएमच्या हाती देणं, घरगुती मशीनवरही जमतं, त्यामुळे तो सरसकट इशारा आता लागू नाही. तरी प्रॉक्समॉक्सच्या डिस्क कॅशच्या यादीत "अनसेफ" नावाचा पर्याय आजही आहे. तो पाहुण्या व्हीएमच्या फ्लशच्या ("लगेच डिस्कवर उतरव" या) विनंतीकडे चक्क दुर्लक्ष करतो. नॅसच्या डिस्कसाठी त्याला हात लावू नये.

पहिली मांडणी: एकेक डिस्क व्हीएमला

दादाला हीच सोपी वाटत होती. प्रॉक्समॉक्समध्ये एका ओळीची आज्ञा दिली की डिस्क व्हीएमला जोडली जाते. वेगळं कार्ड नको, बायोसमध्ये काही बदल नको. ट्रूनॅस सुरू झालं, पूल तयार झाला, नेटवर्कवरून दिलेला फोल्डर, म्हणजे शेअर, तोही चालला.

मग ट्रूनॅसच्या डिस्कच्या पानावर गेलो. तिथे डिस्कच्या कंपनीचं नाव नव्हतं, "क्यूईएमयू हार्डडिस्क" असं होतं. तापमान नाही, स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल देते ती) माहिती नाही. अनुक्रमांकसुद्धा जोडणी करताना आपण हाताने भरला तरच दिसतो. म्हणजे ज्या प्रणालीने डिस्कवर नजर ठेवून आजार आधी ओळखायचा, तिलाच डिस्कची नाडी सापडत नाही. स्मार्टची देखरेख होस्टवर (खालच्या प्रॉक्समॉक्सवर) वेगळी लावता येते, पण मग ट्रूनॅस घ्यायचं एक मोठं कारण तिथेच संपलं.

याहून गंभीर गोष्ट पुढे होती. व्हीएम चालू असताना मी दादाला होस्टच्या टर्मिनलवर "झेडपूल इम्पोर्ट" एवढंच टाइप करायला सांगितलं. ही आज्ञा काहीही बदलत नाही, फक्त उघडता येण्याजोगे पूल दाखवते. पडद्यावर ट्रूनॅसचा तोच पूल दिसला. हा दुसऱ्या सिस्टिमने वापरलेला आहे, उघडायचा असेल तर जबरदस्तीचा पर्याय द्या, असा मजकूरही सोबत होता. दादा क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "म्हणजे मी रात्री दोन वाजता हे बघितलं असतं तर दिला असता की मी तो पर्याय." दोन सिस्टिमांनी एकच पूल एकाच वेळी लिहिण्यासाठी उघडला की तो बिघडतो, आणि तो दुरुस्त करायला कुठलंही बटण नाही. "मल्टीहोस्ट" नावाचा गुणधर्म चालू केला तर असं उघडणं अडवता येतं. पण डिस्क होस्टलाही दिसतात आणि पाहुण्यालाही, हा मूळ दोष राहतोच. ही मांडणी तिथेच बाद झाली. प्रयोगासाठी ठीक, वहिनींच्या टॅलीसाठी नाही.

दुसरी मांडणी: कंट्रोलरच देऊन टाकायचा

ट्रूनॅस व्हीएममध्ये चालवायचं तर रीत हीच आहे. डिस्क ज्या कंट्रोलरला जोडल्या आहेत तो अख्खा कंट्रोलर व्हीएमला द्यायचा. मग होस्टला डिस्क दिसतच नाहीत, आणि मध्ये खोटं बोलणारं कुणी उरत नाही.

त्यासाठी बायोसमध्ये व्हीटी-डी (पासथ्रूसाठी लागणारी प्रोसेसरची सोय) चालू करावं लागतं आणि आयओएमएमयूचे गट, म्हणजे कुठली उपकरणं एकमेकांपासून वेगळी करता येतात, ते बघावे लागतात. एका गटातली सगळी उपकरणं एकत्रच द्यावी लागतात. घरगुती मदरबोर्डवर घोडं पेंड खातं ते इथे, कारण कधीकधी साटा (हार्ड डिस्कचा) कंट्रोलर, नेटवर्क कार्ड आणि यूएसबी एकाच गटात अडकलेले असतात. या बोर्डवर साटा कंट्रोलर ००:१७.० या पत्त्यावर स्वतंत्र गटात होता. प्रॉक्समॉक्स एनव्हीएमईवरून सुरू होत असल्याने साटाचे सगळे पोर्ट देऊन टाकले तरी होस्टचं काही अडत नव्हतं. होस्ट साटा एसएसडीवर असता तर ही वाट बंद झाली असती आणि वेगळं एचबीए (डिस्क जोडण्याचं) कार्ड घ्यावं लागलं असतं.

हेही चाललं, आणि नीट चाललं. ट्रूनॅसला डिस्क खऱ्या नावानिशी दिसल्या, तापमान आलं, स्मार्टच्या चाचण्या लागल्या. होस्टवर तीच आज्ञा दिली तर पूल दिसेना.

अडचण आली ती रॅमची. एरवी प्रॉक्समॉक्स व्हीएमची न वापरलेली रॅम परत मागून घेऊ शकतं. पासथ्रू असलेल्या व्हीएमला मात्र दिलेली सगळी रॅम पहिल्या क्षणापासून बांधून ठेवावी लागते, कारण कंट्रोलर थेट त्या स्मृतीत लिहितो. ट्रूनॅसची किमान गरज ८ जीबी. इमिचला ६ दिलेली होती, होम असिस्टंटला २. बेरीज १६, आणि होस्टला शून्य. जेलीफिनचं तर नावच घेऊ नका. दादा म्हणाला, रॅम विकत मिळते. ते खरं आहे, म्हणून केवळ रॅमवरून मी नकार दिला नसता.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. पासथ्रू पीसीआयच्या पत्त्यावर चालतो, आणि मशीनमध्ये नवं कार्ड किंवा दुसरी एनव्हीएमई घातली की हे पत्ते सरकू शकतात. नेटवर्क कार्डाचं नावही त्यासरशी बदलू शकतं आणि मग होस्टच नेटवर्कवरून गायब होतो. प्रॉक्समॉक्स ८ मध्ये रिसोर्स मॅपिंग आलं आहे, त्यात उपकरणाची ओळखही तपासली जाते. पासथ्रू करणाऱ्याने ते वापरावंच. पण मॉनिटर-कीबोर्ड लावून हे निस्तरणारा माणूस पुण्यात आणि मशीन सांगलीत, हा प्रश्न मॅपिंगने सुटत नाही.

वीज जाते आणि येते तेव्हा

निर्णय खरा इथे झाला. दादाला मी म्हटलं, आता भिंतीतला प्लग ओढ.

सांगलीत पावसाळ्यात वीज जाते तेव्हा घर इन्व्हर्टरवर चालतं. इन्व्हर्टर पंखे-दिवे सांभाळतो, पण त्याची बॅटरी संपत आली हे कॉम्प्युटरला कळायला कुठलीही तार नसते. म्हणून मधे एक छोटा यूपीएस लागतो, ज्याची यूएसबी केबल मशीनला जाते आणि "नट" हे सॉफ्टवेअर त्यावर लक्ष ठेवतं. इन्व्हर्टर जिवंत आहे तोवर यूपीएसला वाटतं वीज आहे. इन्व्हर्टर झोपला की यूपीएसची काही मिनिटं उरतात, आणि त्या मिनिटांत सगळं नीट बंद व्हायला हवं. या घरातला इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे म्हणून ही साखळी जमली. चौरस लहरीवाला असता तर पुष्कळ यूपीएस ते इनपुट नाकारतात आणि उगाच बॅटरीवर जातात.

आता यूएसबीची ती एक केबल कुणाला द्यायची? ट्रूनॅसमध्ये यूपीएसची सोय आहे, म्हणून दादाने ती व्हीएमला दिली होती. परिणाम असा झाला की बॅटरी संपताना ट्रूनॅस शहाण्यासारखं बंद झालं, आणि होस्ट, इमिच, होम असिस्टंट काहीच पत्ता नसल्यासारखे चालू राहिले. केबल होस्टला देऊन ट्रूनॅसला नेटवर्कवरून दुय्यम ठेवणं ही योग्य रीत. आम्ही तशी केलीही, आणि ती चालली.

मग वीज परत आल्यावरची बाजू. होस्ट उठला, त्याने व्हीएम सुरू केली. ट्रूनॅसला पूल उघडून एनएफएस पद्धतीने शेअर द्यायला वेळ लागतो. इमिचचं व्हीएम त्याआधीच तयार होतं. इमिच स्वतः शहाणं आहे, अपेक्षित जागी आपली खूणफाइल दिसली नाही तर ते पुढे जात नाही. दादाची बॅकअपची स्क्रिप्ट तितकी जपून लिहिलेली नव्हती. जिथे शेअर जोडला जायचा ती जागा तिला रिकामा फोल्डर म्हणून सापडली आणि तिने वहिनींच्या लॅपटॉपच्या फाइली व्हीएमच्याच छोट्या डिस्कवर भरायला सुरुवात केली. नंतर शेअर जोडला गेला तेव्हा त्या फाइली त्याच्याखाली झाकल्या गेल्या. वरून पाहणाऱ्याला बॅकअप झालाय असंही वाटेल आणि कुठे गेला तेही सापडणार नाही. डिस्क मात्र भरत राहील.

याला उपाय आहेत. ट्रूनॅसला पहिला क्रमांक द्या, पुढच्या व्हीएमसाठी विलंब ठेवा, स्क्रिप्टला शेअर जोडलेला असल्याशिवाय चालू नको अशी अट घाला. होस्टने स्वतःचे बॅकअप ट्रूनॅसच्या शेअरवर ठेवले असतील तर तेही हलवा, कारण आपल्याच पाहुण्याकडून घेतलेला शेअर अडकला की प्रॉक्समॉक्सच्या पानावर राखाडी प्रश्नचिन्हं उगवतात आणि होस्ट बंद होताना ताटकळतो. प्रत्येक उपाय योग्य आहे. पण ते सगळे दादाच्या डोक्यात राहणार, आणि दादा सोमवार ते शुक्रवार पुण्यात.

वहिनी शेजारीच काम करत होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊजी, १९ तारखेच्या रात्री लाइट गेली आणि सकाळी आली, तर मी काय करायचं?" या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही, आपोआप सुरू होईल" असंच असलं पाहिजे. घरातली प्रत्येक गोष्ट स्टोरेजवर उभी आहे. मग स्टोरेज सगळ्यांच्या आधी उठायला हवं आणि सगळ्यांच्या नंतर बंद व्हायला हवं. आपण कुठलीही सेटिंग न करता हा क्रम पाळणारी या पेटीत एकच गोष्ट आहे: होस्ट स्वतः.

ठरलं ते

पूल प्रॉक्समॉक्सवरच उघडला. प्रॉक्समॉक्समध्ये झेडएफएस मुळातच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. झेडएफएसची वाचन-कॅश, म्हणजे आर्क, ४ जीबीवर बांधली. ही रॅम होस्टचीच असल्यामुळे ताण आला की कॅश मागे सरते, आणि १६ जीबीत सगळं मावतं. इमिचच्या व्हीएमला फोटोंचा फोल्डर व्हर्टिओएफएसने, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट, दिला. ही सोय प्रॉक्समॉक्स ८.४ पासून वेबपानावरूनच मिळते. नेटवर्क शेअरची वाट बघणं संपलं, कारण होस्ट उठला याचा अर्थच पूल उघडला. इमिचचा पोस्टग्रेस डेटाबेस मात्र व्हीएमच्या स्वतःच्या एनव्हीएमईवरच ठेवला, फोटोंसोबत नाही.

विंडोजच्या मशीनांना फाइली देणाऱ्या सांबाची जागा ठरवायला वेळ गेला. होस्टवर कमीत कमी सॉफ्टवेअर असावं हा नियम मी मानतो, म्हणून सांबा आधी एका कंटेनरमध्ये टाकला. फाइली दिसल्या, लिहिताही आल्या. पण मला त्यातून आणखी एक गोष्ट हवी होती. झेडएफएसचे स्नॅपशॉट (त्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) सांबामार्फत विंडोजला "प्रीव्हियस व्हर्जन्स" म्हणून दाखवता येतात, आणि वहिनींच्या कामासाठी याहून उपयोगी सोय दुसरी नाही. कंटेनरमधून स्नॅपशॉटच्या फोल्डरमध्ये जायला गेलो की सिम्बॉलिक लिंकच्या पातळ्या जास्त झाल्याची तक्रार यायची. खरं कारण असं, की स्नॅपशॉट त्या क्षणी माउंट करावा लागतो आणि विनाअधिकार कंटेनरला ती मुभा नसते. तिथे वाटा काढता येतात. मी त्याऐवजी सांबा सरळ होस्टवर ठेवला, फक्त घरच्या नेटवर्कला उत्तर देईल असा, आणि त्यात शेअर तीनच. नियमाला इथे मुरड घातली, कारण बदल्यात मिळणारी गोष्ट फार मोलाची होती.

ती मोलाची कशी हे लवकरच दिसलं. एका व्यापाऱ्याच्या विक्रीच्या एक्सेलमध्ये वहिनींच्या मदतनीस मुलीने चुकून पूर्ण रकाना बदलला आणि फाइल सेव्ह केली. वहिनींनी फोल्डरवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीजमध्ये प्रीव्हियस व्हर्जन्स उघडलं, दुपारी दोनची प्रत उघडून खातरजमा केली आणि तीच परत घेतली. दादाला फोन करायची वेळच आली नाही. स्नॅपशॉट दर तासाला घेतले जातात, त्यासाठी सॅनॉइड वापरतो.

या मांडणीत गमावलं काय, तेही सांगायला हवं. ट्रूनॅसचं वेबपान गेलं. शेअर वाढवायचा तर फाइल संपादित करावी लागते. डिस्कच्या इशाऱ्यांचे मेल स्मार्टडी आणि झेड या दोन सेवांमध्ये हाताने लावावे लागले, आणि ते खरंच येतात का हे तपासावं लागलं. डेबियनच्या पॅकेजमुळे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्क्रब (सगळ्या डेटाची तपासणी) आपोआप होतो, तेवढं एक आयतं मिळालं. दादाचं म्हणणं होतं, "उद्या मला काही झालं तर वेबपान बघून कुणालाही कळेल." त्यात तथ्य आहे. म्हणून मशीनच्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: पूलचं नाव, कुठली डिस्क कुठल्या जागी, तिच्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार अंक, आणि मशीन मेलं तर डिस्क दुसऱ्या लिनक्सवर कशा उघडायच्या त्याच्या ओळी. उघडण्याची ती कृती पेन ड्राइव्हवरच्या उबुंटूने आम्ही करूनही पाहिली.

यूपीएसच्या बाबतीत आणखी एक बारकावा. बायोसमध्ये "वीज आली की चालू हो" हे सेटिंग केलं होतं. पण मशीन नीट बंद झालं आणि यूपीएसची बॅटरी संपायच्या आत वीज परत आली, तर मशीनच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, आणि ते बंदच राहतं. नटला सांगावं लागतं की मशीन बंद करताना शेवटी यूपीएसलाही आउटपुट तोडायला सांग. हे न केल्यामुळे "वीज असूनही सर्व्हर बंद" असं गूढ पुष्कळ घरांत घडत असतं.

चार डिस्क, दोन गावं

दादाच्या मनात चारही डिस्क सांगलीच्याच पेटीत घालायच्या होत्या, रेडझेड-१ (एक डिस्क गेली तरी चालणारी मांडणी) करून साधारण १२ टीबी जागा. घरातला सगळा डेटा मिळून २ टीबीच्या आसपास आहे. मी त्याला म्हटलं, "२०१९ ला किती डिस्क बुडाल्या हा प्रश्नच नव्हता, सगळ्या एकाच कपाटात होत्या हा प्रश्न होता." दोन डिस्कचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा) सांगलीत राहिला. उरलेल्या दोन पुण्यात, त्याच्या फ्लॅटवरच्या जुन्या मशीनमध्ये मिरर करून ठेवल्या. पहिली पूर्ण प्रत सांगलीतच करून घेतली, म्हणजे इंटरनेटवरून रोज फक्त बदल जातात. ते वायरगार्डच्या सुरक्षित (व्हीपीएन) बोगद्यातून, स्नॅपशॉट पाठवणाऱ्या सिंकॉइडने.

वहिनींच्या ग्राहकांची माहिती त्यात आहे, म्हणून तो डेटासेट झेडएफएसच्या एन्क्रिप्शनमध्ये आहे आणि पुण्याला तो जसाच्या तसा बंद अवस्थेत जातो. पुण्याच्या मशीनवर किल्ली नाही. सांगलीत ती होस्टच्या एनव्हीएमईवर आहे, नाहीतर प्रत्येक वीज गेल्यानंतर कुणीतरी पासवर्ड टाकायला हवा. अख्खी पेटी चोरीला गेली तर हे संरक्षण उरत नाही. पण वॉरंटीत डिस्क परत द्यायची वेळ आली तर व्यापाऱ्यांची बिलं तिच्यासोबत जात नाहीत, आणि घरात तेच जास्त वेळा घडतं. एन्क्रिप्टेड डेटा असा बंद पाठवण्यात झेडएफएसमध्ये मागे दोष सापडलेले आहेत. म्हणून दादा अधूनमधून पुण्याच्या प्रतीत किल्ली तात्पुरती लावून काही फाइली उघडून बघतो, आणि ही तपासणी टाळायची नाही असं मी त्याला बजावलं आहे.

याच संदर्भात एक गैरसमज. ट्रूनॅस व्हीएममध्ये असलं की प्रॉक्समॉक्स त्याचा बॅकअप घेतं आणि तो यशस्वी झाल्याचा हिरवा शिक्का दिसतो. त्या बॅकअपमध्ये ट्रूनॅसची स्वतःची छोटी बूट डिस्क असते. पासथ्रू केलेल्या कंट्रोलरवरच्या डिस्कमधलं एक अक्षरही त्यात नसतं. हिरव्या शिक्क्यावर भरवसा ठेवून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

दुसऱ्या घरात हाच प्रश्न आला तर

हे उत्तर सांगलीच्या या घराचं आहे. मशीनमध्ये ३२ जीबी किंवा जास्त रॅम असेल, स्टोरेजसाठी आयटी मोडमधलं, म्हणजे रेड न करता डिस्क सरळ दाखवणारं, वेगळं एचबीए असेल (९२०७-८आय किंवा ९३००-८आय यांसारखं), आणि सांभाळणारा माणूस त्याच छपराखाली राहत असेल, तर ट्रूनॅस व्हीएममध्ये टाकायला माझी हरकत नाही. एचबीए सुमारे १० वॅट खातं, म्हणजे वर्षाला साधारण ८८ युनिट. ते सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेलं असल्याने घरच्या टॉवरमध्ये त्यावर छोटा पंखा लावावा लागतो.

घरात मुख्य काम फाइलींचंच असेल आणि सोबत दोन-चार ॲप पुरेशी असतील, तर उलट वाट बरी: ट्रूनॅस थेट मशीनवर आणि ॲप त्याच्या आत. ट्रूनॅसच्या २४.१० आवृत्तीपासून त्याची ॲप डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनावर चालतात, पूर्वीच्या क्युबरनेटिसपेक्षा ते घरासाठी कितीतरी सोपं आहे. मात्र तिथल्या व्हीएमच्या सोयीवर मी इतक्यात मोठा भार टाकणार नाही. २५.०४ मध्ये तो भाग बदलला गेला आणि २५.०४.२ मध्ये जुनी पद्धत परत आणावी लागली. होम असिस्टंटसारखी रोजची गोष्ट त्यावर ठेवायची तर थोडं थांबावं.

एकेक डिस्क व्हीएमला देण्याची मांडणी मी कुठल्याही घरात सुचवणार नाही.

दादाला ट्रूनॅस हवंच होतं, ते आता पुण्याच्या मशीनवर थेट बसवलं आहे. तिथे दुसरं काही चालत नाही, त्यामुळे व्हर्च्युअलचा प्रश्नच येत नाही, आणि त्याला त्याचं वेबपानही मिळालं. सांगलीत प्रॉक्समॉक्स ९ कडे जाणं बाकी आहे. ते वहिनींची २० तारीख उलटल्यावरच करायचं. नव्या आवृत्तीत पूल अपग्रेड करा अशी सूचना दिसेल, ती लगेच मान्य करायची नाही असं ठरलं आहे, कारण नवी वैशिष्ट्यं चालू केलेला पूल आमच्या जुन्या उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून उघडणार नाही. आधी नवा पेन ड्राइव्ह, मग त्यावरून पूल उघडण्याची तीच तालीम, आणि मग अपग्रेड.